एका सुराखालचे तीन कॉर्ड

"मॅडम, हा सूर 'बी' आहे. थोडासा चढा."

काचेपलीकडच्या बूथमधून आवाज आला आणि माझं बोट मशीनवरच थांबलं.

रामदासपेठेतल्या आमच्या क्लिनिकमध्ये मी रोज दहाबारा लोकांचे कान तपासते. काम सोपं असतं. हेडफोनमध्ये 'टूं' ऐकू आलं की पेशंटनं हातातलं बटण दाबायचं, बस्. कोणी उशिरा दाबतं, कोणी ऐकू न येताच दाबतं, एक आजोबा तर बटण हातात धरून घोरायला लागले होते. पण त्या 'टूं'ला नावं ठेवणारा... म्हणजे खरोखरचं नाव ठेवणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

मी माईक सुरू केला. "धम्मदीप, बोलायचं नाही. फक्त बटण दाबायचं."

"हो मॅडम."

पुढचा सूर. त्यानं बटण दाबलं. दोन सेकंद शांतता... आणि मग –

"हा पण बीच आहे. वरच्या सप्तकातला."

"धम्मदीप!"

"सॉरी सॉरी. पण मॅडम, तुमच्या मशीनले दुसरा सूर येतच नाही का?"

चार वर्षं मी ते मशीन वापरत होते. हजार, दोन हजार, चार हजार... माझ्यासाठी ते कंपनांचे आकडे होते. आकडा दुप्पट झाला की सूर तोच राहतो, फक्त सप्तक वर जातं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला हसू आलं. मी घाईघाईनं चेहरा स्क्रीनमागे नेला, पण काचेतून दोन्हीकडचं दिसतं. तोही हसत होता. कुरळे केस, हेडफोननं चपटे झालेले, आणि उजव्या गालावर एक खळी – अगदीच अनावश्यक.

मग मी डाव्या कानात चार हजारचा सूर दिला. बटण दाबलं गेलं नाही. आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला... तो डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं सुराची वाट बघत बसला होता. आणि सूर त्याच्या कानात वाजत होता.

माझं हसू गेलं.

बाहेर आल्यावर मी त्याला आलेख दाखवला. सरळ चाललेली रेष, आणि चार हजारपाशी विहिरीत उतरल्यासारखी खाली गेलेली.

"हे काय आहे?"

"मोठ्या आवाजानं असं होतं. तुम्ही करता काय?"

तो बेसा भागातल्या एका क्लासमध्ये गिटार शिकवायचा. शनिवार-रविवार मित्रांच्या बँडमध्ये वाजवायचा. उरलेल्या वेळात गाण्यांची चिरफाड करून व्हिडिओ टाकायचा. हे गाणं उदास का वाटतं, त्या गाण्याच्या धृपदाला अंगावर काटा का येतो, कोणता कॉर्ड कुठे बदलला... घरी वडिलांची भीमगीतांची पार्टी होती, त्यामुळे पेटी आणि ढोलकी पाळण्यातूनच कानात.

"ड्रम्स कोणत्या बाजूला असतात तुमच्या?"

त्याचा हात कानाकडे गेला. "डाव्या," म्हणाला. मग अगदी हळू, "म्हणजे... माझा कान गेला का मॅडम?"

"गेला नाही. एक टवका उडालाय. चार हजार म्हणजे पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीजवळ."

"ती तर कोणी वाजवतच नाही!"

"आज ती. काळजी नाही घेतली तर उद्या तिच्या अलीकडच्या."

ठरलं ते असं: बँडमधली जागा बदलायची, तीन महिन्यांनी परत तपासणी, आणि वाजवताना कानात खास मापाचे प्लग. त्यासाठी कानाचा साचा घ्यावा लागतो. मी दोन्ही कानांत मऊ गुलाबी लगदा भरला आणि खुणेनं सांगितलं – पाच मिनिटं बाहेर बसा, हालू नका.

प्रतीक्षाकक्षात तेव्हा सहासात जण होते. कूलर घरघरत होता. आमच्या रिसेप्शनवरच्या इंदुताई रजिस्टरमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. धम्मदीप त्यांच्याकडे वाकला आणि, दोन्ही कान बंद असल्यामुळे आपण कुजबुजतोय अशा पक्क्या समजुतीनं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला –

"ताई, ह्या मॅडमचं लग्न झालं का हो?"

इंदुताईंचा पेन खाली पडला. मी दारातच होते. त्यांनी त्याला हातानं 'हळू, हळू' अशी खूण केली. त्याला वाटलं, 'अजून सांग.'

"नाही, म्हणजे लय छान हसतात म्हणून विचारून राहिलो! तुम्ही त्यांले सांगू नका!"

कोपऱ्यातल्या आजींना दहाच मिनिटांपूर्वी नवीन श्रवणयंत्र बसवलं होतं. त्या समाधानानं म्हणाल्या, "चांगलं ऐकू येऊन राहिलं मले आता."

साचे काढले तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. इंदुताईंनी सांगितलं. तो ज्या रंगाचा झाला, त्याच रंगाचा तो लगदा होता.

प्लग न्यायला तो आला तेव्हा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याऐवजी त्यानं एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं – 'माफी. आणि मोसंबीचा रस?' खाली, 'नाही म्हटलं तरी चालेल.' त्याच्याखाली, 'पण हो म्हणा.'

मी नरखेड तालुक्यातली. आमची मोसंबीची बाग आहे. रसाला नाही म्हणणं मला जमत नाही, हे मी स्वतःला दिलेलं कारण.

मग क्लिनिक सुटलं की रोजच रस होऊ लागला. मी रसवाल्याच्या मोसंबीला नावं ठेवायची, तो गाण्यांना. गिटार पाठीवर असायचीच.

"हे बघा," तो म्हणायचा, "कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. गाण्याचा पहिला कॉर्ड म्हणजे घर. चौथा म्हणजे अंगण. आणि पाचवा म्हणजे फाटकाशी येऊन उभा राहिलेला माणूस. आत शिरल्याशिवाय त्याले चैन नाही."

एकदा त्यानं स्वतःच्या बँडचं गाणं वाजवून दाखवलं. मी ऐकलं. थांबले.

"संपलं?"

"हो. काहून?"

"नाही... छान आहे. पण मला एक स्टॉप आधीच उतरवून दिल्यासारखं वाटलं."

तो रसाचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "पाचव्यावरच संपते ते! आमच्या बँडमध्ये चार जण आहेत भूमिका. एकाच्याही लक्षात नाही आलं."

'मॅडम' तिथेच गळून पडलं. मला कळलं, त्याला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोड शिकवले. सूर तेच सात, फक्त घर कोणतं मानायचं ते बदलायचं. तेच सूर या घरातून ऐकले तर पिकनिकला निघाल्यासारखे, त्या घरातून ऐकले तर कोणाची तरी वाट बघितल्यासारखे. "गल्ल्या त्याच असतात," तो म्हणाला, "कोणत्या दारातून निघालो त्याच्यावर आहे."

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला होता. पुण्याच्या एका इंजिनिअरचं स्थळ. मी हसत हसतच सांगितलं त्याला, रसवाल्याला बर्फ कमी टाकायला सांगावं तसं.

त्यानं ग्लास खाली ठेवला. गिटार काढली आणि दोन कॉर्ड वाजवले. दोन्ही जवळजवळ सारखेच. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर आला आणि माझा ग्लास ओठांपाशीच थांबला.

"काय केलंस?"

"काही नाही. अंगणवाला कॉर्ड आहे, चौथा. त्यातला एक सूर अर्धा उतरवला."

"अर्ध्या सुरानं एवढं होतं?"

"मले तं झालं," तो म्हणाला, आणि तारा पुसत बसला.

वेडा माणूस. बोलेल तर शपथ. मीही तशीच – दिवसभर लोकांना 'ऐकू आलं की सांगा' म्हणते, आणि स्वतः...

पुढच्या आठवड्यात बाबा आले. आनंदराव, माझे बाबा, गेली तीन वर्षं 'मले ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता' म्हणून तपासणी टाळत होते. यावेळी स्वतःहून आले, कारण भजनी मंडळानं त्यांना गाण्यातून काढून टाळांवर बसवलं होतं. तीस वर्षं पुढे बसून गाणारा माणूस. सूर सुटतो म्हणाले सगळे.

तपासणी करून मी श्रवणयंत्रं बसवली. दोन्ही कानांत छान बसली. पण बाबांचा चेहरा उतरलेलाच. "ऐकू येऊन राहिलं," म्हणाले, "पण गायचं म्हटलं की गळा तिथं जातच नाही वं पोरी."

नेमका तेव्हाच धम्मदीप प्लगची तक्रार घेऊन आला. तक्रार काही नव्हती, दर आठवड्याला एक असायची. त्यानं दारातून ऐकलं आणि सरळ विचारलं, "काका, मंडळात पेटीची पट्टी कोणती धरता?"

"पांढरी चार. नवीन पोरगा आला हाये, त्याले तीच पायजे."

"बाप्पा! लय वर आहे ती. गळा नाही गेला तुमचा, तुमचं घर खाली सरकलं. काळी एकमध्ये गाऊन पाहा."

बाबांनी संशयानं त्याच्या गिटारकडे पाहिलं. त्यानं सूर दिला. बाबांनी षड्ज लावला, आधी घाबरत, मग मोकळा. प्रतीक्षाकक्षात इंदुताईंनी कूलर बंद केला. बाबा डोळे मिटून तो एकच सूर धरून बसले आणि धम्मदीपनं त्याखालचा कॉर्ड बदलला. तोच सूर, पण एकदम हळवा झाला. पुन्हा बदलला – आता तोच सूर डोंगरावर चढून उभा राहिल्यासारखा.

बाबांनी डोळे उघडले. "मी तं एकच सूर धरला होता. हे मागं काय बदलून राहिलं?"

"तुम्ही जागचे हालले नाही काका. फक्त सोबत बदलली. तिन्ही कॉर्डांत तुमचा सूर आहेच."

"अजून एकदा वाजव." बाबांनी अकरा वेळा वाजवायला लावलं. मी बाहेरच्या पेशंटची माफी मागत राहिले. मग बाबांनी विचारलं, "नाव काय गा तुयं?"

"धम्मदीप."

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आमच्या गावात नावावरून वस्ती कळते, आणि वस्तीवरून लोक पुढचं सगळं ठरवून टाकतात. मी यंत्राची रिकामी डबी उघडत-बंद करत राहिले.

"बाप काय करते?"

"भीमगीतं गातात. पेटीवर असतात."

"कोणत्या पट्टीत?"

"काळी दोन."

"हं," बाबा म्हणाले. "म्हणजे गळा चांगला असन." आणि चहा मागवला. तीन.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांना गणेशपेठच्या एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. धम्मदीप पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा खिडकीतून बाबांनी मला जवळ बोलावलं.

"काय वं, यानं तुले काही विचारलं का नाही?"

मी गडबडले. "काय बाबा?"

"मी तीन वर्ष बहिरा होतो पोरी, आंधळा नव्हतो." मग खालच्या आवाजात, "गावात लोक बोलतीन. बोलू दे, माह्या हातात आता आवाज कमी करायचं बटण हाये. पण तुया मायले मी नाही सांगणार. ते तूच सांग. मी तेवढ्या वेळ मशीन काढून ठेवीन."

बस सुरू झाली. धम्मदीपनं धावत बाटली खिडकीतून दिली. बाबांनी ती घेतली आणि त्याचा हात थोडा जास्तच वेळ धरला. मग बस वळली, आणि धुरळ्यात आम्ही दोघंच.

"काय म्हणाले काका?"

"विचारत होते, तू मला काही विचारलंस का."

त्याचे कान लाल झाले. दोन्ही. "भूमिका, म्हणजे... असं बघ. गाणं पाचव्या कॉर्डावर आलं ना, की त्याच्यातला जो सातवा सूर असते, त्याले षड्जाकडं जायची एवढी ओढ –"

"धम्मदीप."

"हं?"

"कॉर्ड नको. साध्या मराठीत."

त्यानं तोंड उघडलं. शेजारून काटोलची गाडी लागल्याची घोषणा झाली. तो ती संपेपर्यंत थांबला, सभ्य माणूस.

"मले तू पायजे," तो म्हणाला. "रोज."

"एवढंच?"

"साध्या मराठीत एवढंच येते मले."

शहरात आल्यापासून मी नीट, पुस्तकातलं बोलत आले होते. पेशंटशी, डॉक्टरांशी, याच्याशीसुद्धा. त्या क्षणी मात्र ओठांवर जे आलं ते थेट गावच्या अंगणातलं होतं.

"मले पण," मी म्हटलं.

तो काही बोलणार एवढ्यात माझा फोन वाजला. आई. बस अजून शहराबाहेरही पडली नव्हती.

"भूमिका," आई म्हणाली, "तुया बाबाचा आत्ताच फोन आला. म्हणे, पोरगी तुले काहीतरी सांगणार हाये, आधी बसून घे. मी बसली वं. काय सांगणार हायेस?"

मी धम्मदीपकडे पाहिलं. त्यानं हात पुढे केला. मी तो घट्ट धरला आणि म्हटलं, "आई, पंखा लाव. सांगते."