पहिला कप जाऊबाईंचा

माझा मुलगा सध्या गावभर सांगत फिरतोय, आईला भास झाला म्हणून. आईचं वय झालं, आईला डुलकी लागली, आई काहीबाही बघते.

स्वतःचं पाप झाकायला आईला वेडी ठरवणारा मुलगा पोटी येण्यापेक्षा दगड आला असता तर निदान पाटा तरी झाला असता.

म्हणून मीच लिहायला बसले. चार यत्ता शिकलेली बाई मी, अक्षर वेडंवाकडं. पण सांगणं सरळ आहे. यातलं एक अक्षर खोटं नाही.

मंगळवार होता. दिवेलागणीची वेळ. सून कामावर. घरात मी, मुलगा आणि त्याची लेक चिमणी. चिमणीला खोकल्याची ढास लागली होती.

आमच्या परसात गवती चहा माजलाय. तो लावला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. गवती चहा, पुदिना, आलं... रोज संध्याकाळी पातेलंभर उकळायच्या. नेम एकच. पहिला कप स्वतःचा. ओट्याशी उभ्या राहून असा फुरका मारायच्या, की शेजाऱ्यांना कळावं. मग गाळलेला पाला ताटलीत पसरून एकेक पात बघायच्या. त्यानंतर आमचे कप.

मी टोमणा मारायचे, "जाऊबाई, पातेल्यात साप पडलाय का?"

"पडला तर आधी मला चावू दे. लेकरांना नको."

पुढे त्यांचे गुडघे गेले. गवत कापून आणायचं काम माझ्या मुलाकडे आलं.

गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी पहिला कप पिऊन त्या ओट्याशीच कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वय होतं, आम्ही मान्य केलं. धावपळीत उरलेला चहा कुणीतरी मोरीत ओतला.

तर त्या मंगळवारी मी मुलाला म्हटलं, "जा, चार पाती आण. बघून काप."

"गवतच आहे ते आई. मोती आहेत का निवडायला?"

कानाला फोन, हातात मूठभर गवत. पातेल्यावरच कात्रीने कचाकच कापलं आणि बोलत बोलत परत परसात गेला. मी पाठमोरी आलं ठेचत होते.

उकळी आली. घरभर वास सुटला. चिमणीचा कप गाळला, वर बशी झाकली आणि तिला उठवायला आत निघाले.

मागून आवाज आला...

फुर्रर्र.



मुलगा? तो खिडकीतून दिसत होता. परसात. फोनवर हसत.

मागे वळले. बशी बाजूला काढून ठेवलेली. कप रिकामा... आणि अजून गरम.

खरं सांगते, आधी भीती नाही वाटली. राग आला. माझ्या घरात मला न विचारता कुणी पाणी पीत नाही.

दुसरा कप गाळला. या वेळी वर बशी नाही, माझा हात ठेवला.

आत चिमणी खोकली. मी नुसती मान वळवली...

फुर्रर्र.

तळहाताला कुणाचा तरी श्वास लागला. थंड.

हाताखालचा कप रिकामा होता.

मग बामचा वास आला. गुडघ्यांना लावायचा बाम. ती डबी मी माझ्या हाताने फेकून दिली होती.

"जाऊबाई...?"

 आत चिमणीचा खोकला थांबलेला.

तेव्हा ओट्यावरची ताटली दिसली. ती मी काढलेलीच नव्हती. तिच्यावर गाळलेला पाला पसरला होता. एकेक पात सरळ. आणि कडेला वेगळी काढून ठेवलेली... दोन अर्धवट कापलेली पानं.

जाड. मधे फिकट शीर.

कण्हेर.

फुलं छान दिसतात म्हणून माझ्या मुलाने गवती चहाला खेटून लावलेली. अख्खं झाड विषाचं.

धावत चिमणीकडे गेले. छातीला कान लावला. श्वास चालू होता. गाढ झोपली होती.

मुलाला हाक मारली. ताटली बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई... मोठी आई गेली, त्या दिवशी पण गवत मीच..."



त्याच रात्री त्याने कण्हेर मुळासकट उपटली. भास होता, तर उपटली कशाला?

अजूनही दिवेलागणीला ओट्याशी तो आवाज येतो. पातेलं चढवलेलं नसलं तरी. जाऊबाई आम्हाला राखायला येतात, की कुणाला तरी न्यायला... मला कळत नाही. मी दिवा मोठा करते आणि तिकडे पाठ करत नाही.

काल पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणाला, "भास हो. वय झालंय आईचं."

मी उठले, गवती चहा उकळला, एकच कप गाळला आणि त्याला हाताला धरून ओट्याशी नेलं.

"तुझ्या मोठ्या आईने तुझ्या हातचं विष एकदा जिवंतपणी प्यायलं, एकदा मेल्यावर. तिसऱ्यांदा तिला उठवायचं नाही. आजपासून या घरात पहिला कप तुझा. उभा राहा इथे... आणि पी."