प्युपिल म्हणजे कोण?

“वा! थेंबांनी तुमचे प्युपिल मस्त मोठे झालेत,” तिच्या डोळ्यांत बॅटरी मारत तो म्हणाला.

“मोठे कसले डोंबलाचे! तिसरीतच आहेत अजून,” ती फणकारली.

तो आधी गडबडला... आणि मग असा हसला की बॅटरीचा उजेड छतावर नाचायला लागला. तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली: तो डोळ्यांतल्या काळ्या ठिपक्यांबद्दल बोलत होता. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसलेली ही मास्तरीण, आणि डोक्यात आपली शाळा! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

पण मास्तरीणच ती. घरी जाऊन शब्दकोश उपसला आणि चष्मा न्यायला गेली ती तयारीनिशी.

“ऐका. लॅटिनमध्ये सांभाळायला दिलेल्या पोरक्या पोराला जो शब्द, त्याचाच पुढे विद्यार्थी झाला. आणि त्याच घरातला शब्द छोट्या बाहुलीलाही.”

“बाहुली? ती डोळ्यात कशी शिरली?”

“समोरच्याच्या डोळ्यात निरखून बघा ना. आपलंच इवलंसं रूप दिसतं... आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो की!”

त्याने स्टूल पुढे ओढलं. इतकं पुढे, की गुडघ्याला गुडघा लागला.

“दिसतोय मी,” तो हळूच म्हणाला. “पण फारच छोटा. पुन्हा बघावं लागेल.”

हाय रे! त्या ‘पुन्हा’ने तिची झोप उडवली. पण चष्मा तर मिळाला — आता जायचं कुठल्या तोंडाने? नशीब बघा, घरी येईतो चष्म्याची काडी ढिली! गेली, घट्ट करून आली. मग पुन्हा ढिली. मग पुन्हा...

आज त्याने भिंगातून पाहिलं आणि मान वर केली.

“बाई, हा स्क्रू आपोआप ढिला होत नाही.”

मेले! थाप मारली असती तर अब्रू वाचली असती. पण मग इथली वाट कायमची बंद. तिने डोळे गच्च मिटले.

“मीच केला. केसांच्या पिनेने. तुम्ही आवडता मला — झालं समाधान?”

तिने एक डोळा उघडला, तर साहेब कानापर्यंत लाल!

“पहिल्या खेपेला...” तो चाचरला, “मीच ढिला ठेवला होता. तुम्ही परत यावं म्हणून.”

“लबाड!” ती इतक्या जोरात हसली की सगळी गिऱ्हाइकं वळली.

त्याने स्क्रू करकचून पिळला आणि चष्मा स्वतःच्या हाताने तिच्या नाकावर ठेवला.

“आता हा जन्मात हलायचा नाही. उद्यापासून नुसतीच ये.”