नेसरीला निघालेल्या दोन टाक्या

हा मांडव कुणी घातलाय, ठाऊक हाय न्हवं? आपल्या कृष्णातनं. दरवर्षी खांब रोवून, पडदं बांधून झालं की कपभर चा घेतो आन् दिस मावळायच्या आत घराकडं जातो. मघाशी यशराज त्याला म्हणाला, "काका, ऱ्हावा की रातीला आमच्यासंगं, गणपतीम्होरं जागायला," तर हात जोडून निघून गेला. तुमी सगळी हसलासा. म्हणून सांगतोय. एरवी मी ही गोष्ट काढत न्हाय.

समईत तेल घाल गं तेजस्वी. आन् तो स्पीकर बंद करा.

कृष्णातचं घर माझ्या दारासमोर. मी एसटीत कंडक्टर होतो तवापासनं आमची बसऊठ. त्यानं हे मला एकदाच सांगितलंय, आन् सांगताना माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय.

कोरोनाचं दुसरं वर्ष. तुमची शाळा मोबाइलवर होती, तुमाला सुट्टी वाटली आसंल. कृष्णातचं मात्र लग्नाचं दोन हंगाम बुडालते. मांडव न्हाय, वरात न्हाय. गोदामात खुर्च्या एकावर एक चढवून ठेवलेल्या, पडद्यास्नी उंदरांनी भोकं पाडलेली. त्याची बायको, संयोगितावैनी, शिलाई मशिनीवर मास्क शिवायच्या. कामाची माणसं आपापल्या गावाला निघून गेलती. चालता ऱ्हायलता फकस्त टेम्पो. आन् त्या दिवसांत वाहायला एकच माल होता… ऑक्सिजनच्या टाक्या.

तर कृष्णात टाक्या पोचवायला लागला. दवाखान्याच्या दारात जाणारा माणूस म्हटल्यावर गल्लीनं त्याला सांगितलं, घराकडं येऊ नगंस. मग तो गोदामातच झोपायचा, खुर्च्या बाजूला सारून. वैनी डबा दारात ठेवायच्या आन् चार पावलं मागं सरायच्या. येऊ नगंस म्हणून सांगणाऱ्यात मीबी होतो. खोटं कशाला बोलू.

वीस मे, गुरुवार. जिल्ह्यात कडक लॉकडाऊन. नेसरीला एका शाळेत कोविड सेंटर केलतं. तिथं डॉक्टर अभिनंदन म्हणून हातकणंगल्याचं पोरगं होतं, तिशीबी पार केली नसंल. दुपारी त्याचा फोन आला, दोन टाक्या घेऊन या.

कृष्णात शिरोलीकडं टाक्या भरायला गेला. तिथं ही रांग. कुणी टेम्पो घेऊन, कुणी रिक्षा घेऊन. त्याच्या म्होरं एक माणूस मोटारसायकलला टाकी बांधून उभा होता. पाचच्या सुमाराला त्या माणसाला फोन आला. त्यानं ऐकलं, फोन खिशात ठेवला, गाडीला किक मारली आन् रांगेतनं भाईर पडला. कुठं चाललास म्हणून कुणी विचारलं न्हाय. सगळी एक पाऊल पुढं सरली.

रात्री साडेआठला टाक्या मिळाल्या. कृष्णातची एक सवय. टाकी चढवायच्या आधी पान्यानं ठोकून बघायचा. भरलेली टाकी मुकी वाजती, ठप्प. रिकामी वाजती घंटेगत. दोन्ही ठप्प वाजल्या. व्हॉल्व्हवर प्लॅस्टिकचं सील बघितलं, हौद्यात उभ्या करून दोरीनं आवळून बांधल्या. निघणार, तवर परत डॉक्टरचा फोन.

"कृष्णातदादा, दोन पेशंट आहेत. रात्री दोनपर्यंत पुरेल एवढंच आहे माझ्याकडं. आणि वाटेत कुणी विचारलं तर टाक्या रिकाम्या आहेत म्हणून सांगा. परवा एका गावानं गाडी अडवून सगळ्या उतरवून घेतल्या."

"खोटं बोलू?"

"बोला," डॉक्टर म्हणाला. "मी दिवसभर बोलतोय."

निपाणीवरनं गेलं तर रस्ता चांगला, पण मधी कर्नाटक. सीमेवर कागद दाखवत बसायला येळ न्हवता. म्हणून मुदाळतिट्टा, गारगोटी, उत्तूर असा निघाला. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. अमावास्या न्हवती का काय न्हवतं, चांगला अर्धा चंद्र होता. गारगोटी सोडली तवा अकराला दहा कमी होते.

पुढं एक गाव लागतं. नाव सांगणार न्हाय, ती माणसं अजून तिथंच ऱ्हात्यात. गावाच्या फाट्यावर एसटीची निवारा शेड हाय. माझी गाडी तिथं थांबायची. कृष्णात तिथं पोचला तवा अकरा वाजून वीस मिनिटं झालती.

शेडम्होरं बाई उभी होती. रस्त्याच्या मधोमध.

त्यानं ब्रेक मारला. पन्नाशीची बाई. हिरवं लुगडं, पदर नाकावर धरलेला. पायात काय न्हाय. ती खिडकीपाशी आली न्हाय, सरळ मागं हौद्याकडं गेली आन् टाकीवर हात ठेवला.

"पावणं, ऑक्सिजनची न्हवं ही?"

कृष्णातनं खिडकीतनं मान भाईर काढली. "व्हय. का वो?"

"मालकास्नी धाप लागल्या. बोटाच्या मशिनीवर अडुसष्ट दाखवतंय. सकाळधरनं फोन लावायलोय, कुठं जागा न्हाय म्हणत्यात. ते बघा घर, चिंचंखाली. एक टाकी द्या. उजाडलं की परत देतो."

चिंचंखाली एक पिवळा बल्ब दिसत होता.

कृष्णात खाली उतरला न्हाय. डोक्यात नेसरीची दोन माणसं. आन् घड्याळ.

"रिकाम्या हायत, बाई."

"रिकाम्या?"

"व्हय. दोन्ही."

बाईनं टाकीवरचा हात काढला न्हाय. जनावराच्या पाठीवर फिरवावा तसा वरनं खाली फिरवला.

"एकबी न्हाय?"

"एकबी न्हाय."

मग ती म्हणाली… कृष्णातला तो आवाज अजून ऐकू येतो… म्हणाली, "बरं. रिकामी तर रिकामी."

आन् बाजूला झाली.

त्यानं गियर टाकला. शंभर पावलं गेल्यावर आरशात बघितलं. रस्ता मोकळा. शेड मोकळी. चांदण्यात लांबपतूर दिसत होतं. तेवढ्यात चिंचंपाशी पोचायचं तर पळतबी जमलं नसतं.

त्यानं मनाला समजावलं. अंधारात गेली आसंल.

दोन किलोमीटर गेला आसंल. मागनं आवाज.

सूंऽऽऽ…

बारीक. टायरची हवा जावी तसा. त्यानं गाडी थांबवली. आवाज थांबला. उतरून व्हॉल्व्ह बघितले, घट्ट बंद. सील जागच्या जागी. टायर बघितले. ठीक. परत चढला. गाडी सुरू केली.

सूंऽऽऽ…

आता थांबला न्हाय. आरशात बघितलं.

हौद्यात कुणीतरी बसलंतं.

पाठमोरं. आजारी माणसाला आपण कवळ्यात धरून बसतो न्हवं… तसं टाकीला धरून.

कृष्णातनं हात घालून आरसा छताकडं फिरवला. काच वर केली. नजर रस्त्यावर. तरी आवाज येतच होता. एका लयीत. थांबून थांबून. आत… भाईर… आत… भाईर…

मग त्याला कळलं. मागं कुणीतरी दम घेत होतं.

वळण. दुसरं वळण.

"बाई…"

काय न्हाय.

"बाई, दोन माणसं हायत वो तिकडं…"

सूंऽऽऽ…

"माझी कोण न्हवंत. मी वळखतबी न्हाय त्यास्नी. पण…"

…

रडत होता, म्हणाला. चाळीस वर्षांचा बाप्या, गाडी चालवत रडत होता.

उत्तूरचे दिवे दिसले. आवाज बंद झाला. एकदम.

त्यानं खांबाच्या उजेडात गाडी लावली. उतरला. हौदा मोकळा. दोन टाक्या, दोरी, बास. मे महिना, अंगाला घामाच्या धारा… आन् एका टाकीच्या गळ्याला बर्फाचा पांढरा थर. बोट लावलं तर चटका बसला.

पाना सीटखालीच होता. ठोकून बघायचं धाडस झालं न्हाय.

नेसरीत पोचला तवा सव्वा वाजलता. डॉक्टर शाळेच्या फाटकातच उभा. पहिली टाकी जोडली, काटा वर गेला. दुसरीचं सील डॉक्टरनं स्वतः ब्लेडनं कापलं. काटा जोडला.

शून्य.

डॉक्टरनं काट्यावर टिचकी मारली.

शून्य.

कृष्णातनं पाना आणला आन् टाकीला ठोकला. ठण्णऽऽ… त्या मोकळ्या शाळंत घुमत ऱ्हायलं.

"दादा, भरून आणलीत ना?"

"ह्याच हातानं ठोकून आणल्या. दोन्ही भरलेल्या होत्या."

डॉक्टरनं कापलेलं सील उजेडात उलटंपालटं करून बघितलं. कुठं चीर न्हाय, काय न्हाय. शिव्या देईल असं कृष्णातला वाटलं. पण डॉक्टरनं ते सील खिशात टाकलं आन् आत पळाला.

आत रूपाली म्हणून सव्वीस वर्षांची पोरगी होती, बाळंत होऊन दोन महिने झालते. आन् एक रिटायर मास्तर, विजयसिंह गुरुजी. एका टाकीला दोन नळ्या काढून दोघांस्नी लावल्या. गडहिंग्लजवरनं दुसरी टाकी यायला सकाळचे साडेसात वाजले. तवर डॉक्टर दोन खाटांच्या मधी स्टूल घालून बसलता. ह्याला पालथं कर, तिची पाठ थोपट. कृष्णात पायरीवर बसून दारातनं बघत होता.

रूपाली वाचली. गुरुजी पाचव्या दिवशी गेले. त्या रात्रीमुळं गेले, का जाणारच होते, ते कोण सांगणार, असं डॉक्टर फोनवर म्हणाला. कृष्णातनं विचारलं न्हवतं. तो आपणहून म्हणाला.

गुरुजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कृष्णात त्या फाट्याच्या गावाला गेला. भर दुपारी. फाटा, शेड, चिंच. चिंचंखालच्या घराच्या पायरीवर एक माणूस चादर पांघरून बसलता, निव्वळ हाडं. गुंडू त्याचं नाव. पलीकडच्या अंगणातनं शेजारीण ओरडली.

"कोण पावणं? लांबच थांबा, आजारी हाय माणूस."

"गुरुवारी रातीला ह्या घरची बाई मला फाट्यावर भेटलती," कृष्णात म्हणाला. "टाकी मागत होती."

"कुठली बाई?"

"पन्नाशीची. हिरवं लुगडं होतं."

शेजारीण कुंपणापतूर आली. पायरीकडं एकदा बघितलं आन् आवाज बारीक केला.

"किती वाजता म्हणालासा?"

"सव्वाअकरा वाजून गेलते."

"धोंडुबाई गुरुवारी सकाळी गेली, पावणं. दोघास्नीबी झालतं, तिचं आधी वाढलं. गाडीत घालून दवाखाने हिंडले, जागा मिळंना. गाडीतच गेली. तिकडंच कोल्हापुरात उरकलं. हिरव्याच लुगड्यावर नेलती." तिनं पदर तोंडावर घेतला. "तिच्या मालकास्नी अजून सांगितलं न्हाय. ह्यांचं तर त्याच रातीला अडुसष्टवर आलतं. आमी आशा सोडलती. सकाळी बघतोय तर ब्याण्णव. टाकी न्हाय, औषध न्हाय. कसं झालं, देवालाच ठावं."

कृष्णातला तिथनं निघायचं होतं. तवर गुंडूनंच हाक मारली.

"टाकीवालं पावणं का?"

"…व्हय."

"तुमची होती व्हय ती? रातभर कोण तरी नाकाला लावून बसलंतं. बल्ब गेलता, तोंड काय दिसलं न्हाय. लई गार हवा होती बघा." तो हसला, धाप लागली, थांबला. "आमची मंडळी दवाखान्यात हाय. ती आली की या परत. चा घेतल्याबिगर जाऊ देणार न्हाय ती."

शेजारीण कुंपणाला धरून खाली बसली.

कृष्णात गुंडूच्या तोंडाकडं बघत होता. सेंटरमधी रात्रंदिवस ऑक्सिजनचा मास्क लावलेली माणसं त्यानं ढिगानं बघितलती, त्यांच्या गालावर वळ कसे उठत्यात ते त्याला पाठ होतं. नाकाभवतीनं तीन कोपऱ्यांचा लाल वळ, आन् त्यातनं दोन्ही कानांकडं गेलेल्या पट्ट्या. तसेच वळ गुंडूच्या तोंडावर होते. त्या घरात मास्क कधी आलाच न्हवता. नळीसुदिक न्हाय.

तवापासनं कृष्णात रात्रीचा टेम्पो काढत न्हाय.

मला पटलं न्हवतं. म्हणून गेल्या मार्गशीर्षात त्याच्यासंगं मी स्वतः जाऊन आलो. चार वर्षं होत आलती. गुंडूला बायकोचं आता ठाऊक हाय. बोलत न्हाय फारसा. चा त्यानंच केला. दाढी वाढवल्या त्यानं, पांढरी, छातीपतूर.

मी जवळ बसलतो, ह्या यशराजइतका जवळ. दाढी दाट… पण नाकाखालनं, दोन्ही गालांवरनं, कानापतूर एक बोटभर पट्टा गेलाय.

तिथं एक केस न्हाय.

उगवतच न्हाय.