रिकामा वाडगा

नॉटिंगहॅमच्या मंजिरीला अळंबीचं भारी वेड. त्यातून मॉरेल म्हणजे काय विचारता! जाळीदार, आतून पोकळ, ऐन वसंतात जेमतेम उगवतात, आणि ज्याला जागा ठाऊक तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. २००६ च्या एप्रिलमधली गोष्ट. नवरा पुष्कर हॉस्पिटलात ऑन कॉल, म्हणून मंजिरी छोट्या ईशानीला घेऊन एका दुपारी गावाबाहेरच्या रानात गेली.

पालापाचोळा उकरून उकरून कंबर मोडली, पण हाती भोपळा. सगळीकडे रानलसणाचा वास. पाखरं केव्हाची गप्प झाली होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

ॲशच्या झाडाखाली एक म्हातारी उभी होती. हातात पांढरा इनॅमलचा वाडगा, काठोकाठ मॉरेलनी भरलेला.

"घेऊन जा," ती हळूच इंग्रजीत म्हणाली. "वाडगा तेवढा परत आण..."

बोलत होती मंजिरीशी, बघत होती ईशानीकडे.

घरी मंजिरीने एकेक अळंबी उभी चिरून पोकळ असल्याची, म्हणजे विषारी जातीची नसल्याची, खात्री केली, बटरमध्ये खरपूस परतली. तिघांनी बोटं चाटून खाल्ली. आता वाडगा परत करायचा. शेजारणीचं भांडं आपण कधी रिकामं धाडतो का हो? काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतोच. मंजिरीने रव्याचे लाडू भरले. रानात म्हातारी दिसली नाही, म्हणून वाडगा त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडगा तिच्या दारात. मॉरेलनी भरलेला. आणि पत्ता तर तिने कुणालाच दिला नव्हता!

"असेल कुणी ओळखीचं," पुष्कर म्हणाला. मंजिरीने चिवडा भरून वाडगा परत नेऊन ठेवला. या खेपेला तो परत आला तो थेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दाराला आतून कडी होती. घरभर ओल्या मातीचा वास.

पुष्करचा चेहरा पांढरा पडला. "आता काही म्हणजे काही भरायचं नाही. रिकामा ठेवायचा आणि निघायचं..."

"तिला आपली ईशू हवीय रे," मंजिरी म्हणाली आणि रडायलाच लागली.

पोरीला घरी कुणाजवळ ठेवायचा धीर होईना, म्हणून तिघंही गेली. जन्मात पहिल्यांदा मंजिरीने कुणाचं भांडं रिकामं परत केलं. ईशानी पुष्करबरोबर पुढे गेली असं धरून मागे न बघता ती गाडीपर्यंत आली, बुटांचा चिखल झटकला. पुष्कर गाडी वळवत होता. ईशानी धापा टाकत मागून आली.

"आई, तू विसरली. एम्टी नाही द्यायचा असते ना?"

"ईशू... काय ठेवलंस तू त्यात?"

ईशानीने तोंड उघडून दाखवलं. पुढचा दुधाचा दात सकाळीच पडला होता. रात्री उशीखालून दात घेऊन जाणाऱ्या परीसाठी, टूथ फेअरीसाठी, तिने तो खिशात जपून ठेवला होता.

मंजिरी जीव खाऊन झाडाकडे पळाली. बुंध्याशी वाडगा नव्हता.

त्या रात्री पोरीला मध्ये घेऊन दोघं जागीच राहिली. पहाटे कधीतरी डोळा लागला असेल तेवढाच. उजाडल्यावर पुष्करने दार उघडून पाहिलं, टेबल पाहिलं. कुठेच वाडगा नव्हता. "सुटलो गं बाई," म्हणत मंजिरी पायरीवरच बसली आणि पोटभर रडली.

मग तिने ईशानीला उठवलं. ईशानी झोपाळू डोळ्यांनी आईकडे बघून हसली.

कालच्या फटीत दात होता. पूर्ण वाढलेला, पिवळा, कडांनी झिजलेला. म्हाताऱ्या माणसाचा.

"ती पण एम्टी नाही पाठवत," ईशानी म्हणाली. "आई, आता आपला टर्न."