पोरीचं वजन

सांगोल्याच्या अलीकडच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा भर दुपार होती. फेब्रुवारी नुकताच सरला होता, पण आमच्याकडचं ऊन महिना बघून तापत नाही. मी पोरीला ओढणीत नीट गुंडाळलं आणि माळाकडे चालू लागले. काम साधंच होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकायची ठरवली होती. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी नातीला एकदा कळपातून फिरवून आणायचं होतं.

ही आमच्या घरची रीत. मूल जन्मलं की घरातल्या थोरल्या बाईनं त्याला छातीशी धरायचं आणि मेंढरांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मेंढरांनी वास घ्यायचा, आपलं माणूस ओळखून ठेवायचं. मला आजीनं नेलं होतं. माझ्या लेकराला आई नेणार होती.

माझी आई मायाक्का. तिच्याबद्दल सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही. स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, पण मी शाळेत असले की कळप मुद्दाम शाळेमागच्या माळावर चारायची. पाढे म्हणताना मी अडखळले की बाहेरून तिची खणखणीत हाळी यायची. ती मेंढरांना असायची की मला, हे कधी कळलं नाही. मी मात्र घाबरून पुढचा पाढा धडाधड म्हणून टाकायचे. पोरीला एवढं शिकवून काय करणार, असं विचारणाऱ्या अख्ख्या भावकीशी ती एकटी भांडली. भारी हट्टी बाई.

तिच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा मला दिवस गेले होते. शेवटचे महिने ती सोलापुरात माझ्याकडेच होती. केमोनं अंगावर कातडं तेवढं उरलं. तरी रोज सकाळी उठून ज्वारीच्या पिठाची पिशवी मागायची आणि ती छातीशी धरून खोलीत येरझाऱ्या घालायची.

"आई, काय चाललंय गं हे?"

"सराव करतीया. तुजं लेकरू घिऊन मेंढरातनं चालायचं हाय मला. हातात जोर नको व्हय?"

तिला झेपावं म्हणून मी तिच्या नकळत पिशवीतलं पीठ काढत राहिले. शेवटी पिशवी जवळजवळ रिकामीच होती, आणि तीही तिला उचलेना. मग तिनं ती मागणंच सोडलं. पोर जन्मली त्याच्या आदल्याच आठवड्यात आई गेली. मला अजून त्याचा राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

माळावर पोचले. मेंढरं उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. वारा नव्हता. लोकरीचा, लेंड्यांचा, करपलेल्या गवताचा उबट वास तेवढा दाटला होता. अण्णा लिंबाखाली बसले होते. पोरीकडे बघून त्यांचे डोळे भरले.

"अण्णा, तुमीच घेऊन चला की तिला."

"बाप्यानं न्ह्यायचं नसतं. तूच आता घरातली थोरली."

मी पोरीला छातीशी धरलं आणि कळपात शिरले.

खरं तर मी दिसले की ही मेंढरं बुजून पळतात. माझ्या अंगाला शहराचा वास येतो, असं आई हसून म्हणायची. त्या दिवशी ती पळाली नाहीत. सगळ्या कळपानं एकदम डोकी वर काढली. पण बघत होती ती माझ्याकडे नाही... माझ्या एक पाऊल पुढं. आणि वाट करून देऊ लागली. एक म्हातारी मेंढी पुढं झाली आणि तिनं रिकाम्या हवेला मान घासली. मान मध्येच टेकली, कुणाच्या तरी गुडघ्याला टेकावी तशी.

आणि माझ्या हातातलं वजन कमी झालं.

पोर हातातच होती. तिची ऊब लागत होती, श्वास लागत होता. पण भार नव्हता. कुणी खालून हात घालून तिला अलगद तोलून धरावं, तसं. पोर मान वळवून माझ्या पुढच्या रिकाम्या हवेकडे बघून खुदखुदत होती.

"अण्णा..."

"बोलू नगं," अण्णांचा आवाज दबका आला. "निम्म्या वाटंत थांबायचं नसतं."

माझी बोटं पोरीच्या झबल्यात रुतली होती. आईचे हात मला पाठ होते. पण हे हात तेच कशावरून? आणि तेच असले तरी, पोर माझी होती. मग खोलीत पिशवी घेऊन फिरणारी ती हाडकुळी बाई आठवली, आणि रडू फुटलं.

"घे, आई," मी म्हटलं. "पण... परत दे."

मी बोटं सैल केली. पोर पडली नाही. तशीच आम्ही टोकापर्यंत चाललो. कळपाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा तिचं वजन हळूहळू माझ्या हातावर उतरलं. आधी डोकं, मग पाठ, सगळ्यात शेवटी पाय.

संध्याकाळी अण्णांनी गिऱ्हाईकाला परत पाठवलं. "राखणारी हाय अजून," एवढंच म्हणाले.

मी सोलापूरला परतले. आता रोज दुपारी पोरीला मांडीवर पाजत असले की तिचा भार अचानक नाहीसा होतो. मला भीती वाटत नाही, असं मी नवऱ्याला सांगते. आईनं एवढी वाट बघितली, तिला थोडा वेळ घेऊ द्यावं. मग मी हळूच म्हणते, परत दे. आणि पोर परत मांडीवर येते.

फक्त रोज थोडी उशिरा येते. काल मला दोनदा म्हणावं लागलं.