मुळासकट

छबू, कंदिलाची वात जरा वर कर आणि माझ्यापाशी बस. हातातलं ते पुस्तक खाली ठेव. त्याची गरज लागेल, पण एवढ्यात नाही. आणि टेबलावर ती वाटी पालथी घातलीय ना, ती उघडू नकोस. तू या दवाखान्यात नवीन आहेस. आधी ऐक.

हे पुस्तक आपल्या आधीच्या डॉक्टरसाहेबांचं. विलायतेहून मागवलेलं, रंगीत चित्रांचं. रानातलं अळंबं कसं ओळखायचं, कोणतं खायचं, कोणत्याच्या वाटेला जायचं नाही, सगळं त्यात आहे. साहेबांना त्याचं भारी वेड. पावसाळा लागला की फाटकाजवळच्या कुजक्या ओंडक्यापाशी उकिडवे बसायचे, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक. आम्ही नर्सा तोंडाला पदर लावून हसायचो. पण मला इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं, तेही याच पुस्तकावर. औषधांच्या आधी मला अळंब्यांची नावं वाचता यायला लागली, बघ.

त्या श्रावणात वीरसिंगनं आपल्या बायकोला झोळीत घालून डोंगरातून खाली आणलं. रेवाबाई तिचं नाव. तान्हं पोर, चैत्या, घरी आजीपाशी ठेवून आली होती. अळंब्यांची भाजी खाऊन तिला रात्रभर उलट्या-जुलाब झाले होते. वीरसिंग मजुरीला गेलेला, म्हणून त्यानं ती खाल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र बाई उठून बसली. पेज प्यायली, वेणी घातली, आणि बाजारात शिकलेल्या अहिराणीत मला म्हणाली, "बाई, माले बरं वाटी ऱ्हायनं. पोऱ्या घर शे. मी जास."

मला आनंद झाला. साहेबांना झाला नाही. त्यांनी मला बाजूला नेऊन पुस्तकातली दोन चित्रं दाखवली. दोन्ही अळंबी पांढरी, सख्ख्या बहिणींसारखी.

"यातलं एक खाल्लं तर माणूस आजारी पडतं, मग चांगलं बरं होतं," साहेब हळूच म्हणाले. "ते बरं होणं खोटं असतं. आत यकृत सडत असतं. त्याच्या बुडाशी, मातीत, एक पांढरी वाटी असते. अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी. ती निघाली, तर आजच्या गाडीनं हिला सुरतेला न्यायचं. नाही निघाली, तर जाऊ दे घरी पोराकडे."

पण वीरसिंगनं दाखवायला आणलेल्या उरल्यासुरल्या अळंब्यांना बूडच नव्हतं. या डोंगरातल्या बायका अळंबं उपटत नाहीत, मातीच्या वर विळ्यानं कापतात. मूळ आत राहिलं तर पुढच्या पावसात तिथंच पुन्हा येतं. आणि आपली जागा त्या नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. रेवाबाईनं वीरसिंगला बाहेर पाठवलं आणि मला कानात जागा सांगितली. नाला ओलांडून, वाकडा मोह, त्याच्या सावलीतली जमीन.

"पन मूळ काढू नको, बाई," ती म्हणाली.

मी मान डोलावली आणि पदराखाली खुरपं लपवून निघाले. पुस्तक मेणकापडात गुंडाळून घेतलं.

दुपारच होती, पण आभाळ इतकं भरलेलं की सागाच्या पानांखाली दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. पाऊस थांबला होता. पानांवरून पाणी मात्र गळत होतं, टप्... टप्... कुजक्या पाल्याचा वास, आणि त्यात काहीतरी गोडसर, नासलेल्या दुधाचा असतो तसा. नाल्यातून वर चढले आणि समोर बघते तर रेवाबाई चाललेली. तीच वेणी, दवाखान्याचं तेच लुगडं.

मला राग आला. "रेवाबाई, खाटेवरून उठलीस कशाला? कुणी येऊ दिलं तुला?"

ती वळली नाही. वाकड्या मोहाखाली जाऊन बसली. तिथं कापलेली बुडखी ओळीनं दिसत होती. मी खुरपं काढायच्या आधीच तिनं बोटं मातीत घातली. मूळ काढू नको म्हणणारी तीच बाई, आणि तीच उकरत होती. सावकाश, मुळाला कुठं इजा होऊ नये अशी. मग अख्खं बूड बाहेर काढून तिनं तळहातावर माझ्यापुढे धरलं.

खाली वाटी होती. पांढरी, फाटक्या काठाची.

चित्र बघायची गरज नव्हती, तरी मी पुस्तक उघडलं.

"काय निंघनं, बाई?"

मला बोलवेना. ते बूड तिच्या हातातून घेऊन मी पळसाच्या पानात गुंडाळलं, आणि मान वर केली तर मोहाखाली कुणीच नव्हतं. ओल्या मातीत पाऊल उमटलं होतं ते फक्त माझं.

दवाखान्यात धावतच आले. वीरसिंग खाटेपाशी बसलेला, रेवाबाई डोळे मिटून पडलेली.

"ही कुठं गेली होती?"

"कोठेच नही, बाई. मन्हा हात धरीसन झोपेल व्हती."

मी तिचे हात पाहिले. नखांत ओली काळी माती होती.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "तठे तू काहीच नही बोलनी... तवयच माले समजनं."

संध्याकाळच्या गाडीत तिला चढवलं. वीरसिंग एकटाच परत आला. मी या खोलीत बसून खूप रडले. तिनं तेवढं एकच विचारलं होतं मला.

पुढच्या श्रावणात आपल्या व्हरांड्याच्या पायरीवर एक पळसाचं पान आलं. पानावर अळंबं. मुळासकट, मातीसकट. इकडे कुणी मुळासकट काढत नाही, छबू. माझ्या अंगावर काटा आला, पण मी पुस्तक आणलं, चिमट्यानं ते उलटून पाहिलं, आणि समोरच्या अंधाराला मोठ्यानं सांगितलं, "हे विषारी आहे, रेवाबाई." सकाळी ते तिथंच पडलेलं होतं. काही दिवसांनी दुसरं आलं. त्याला वाटी नव्हती. "हे चांगलं आहे," म्हटलं. सकाळी पान रिकामं.

मग खांडबाऱ्याच्या बाजारात वीरसिंग भेटला. म्हणाला, "चैत्याले पाणीना दिनम्हा आळंबं भेटस, बाई. चुल्हाजोडे ठेयेल ऱ्हास. कोन ठेवस, माले माहीत नही."

मी त्याला काही सांगितलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात ती आणते, मी बघून सांगते. भीती कधीच गेली. रोग्याला डोस द्यावा तसं ते माझं कामच झालं. चैत्या आता बापाच्या खांद्याला लागलाय.

पण यंदा माझ्या डोळ्यांवर सारा आलाय, मोतीबिंदूचा. काल तिन्हीसांजेला पान आलं. कंदील जवळ घेतला, पुस्तक नाकाला लावलं. पांढऱ्यावर पांढरं, काही उमगेना. बुडाशी वाटी होती की मातीचा गोळा, देव जाणे. मी गप्प बसले. मी बोलले नाही की तिला समजतं, असं मला वाटलं.

सकाळी अळंबं गेलेलं होतं. मूळ तेवढं विळ्यानं नीट कापून पानावर ठेवलेलं.

चैत्याला ते खाऊ देऊ नका म्हणून सांगायला वीरसिंगच्या पाड्यावर गडी सकाळीच पिटाळलाय. नदीला पूर आहे. अजून तो परतला नाही.

ते मूळ त्या वाटीखाली आहे. मी धुऊन ठेवलंय, बोटांनी चाचपायचा धीर मात्र झाला नाही. तुझे डोळे चांगले आहेत. पुस्तकात चित्राच्या जागी दोरा घातलाय. आता उचल ती वाटी, आणि नीट बघून मला सांग, छबू...

काय निघालं?