दहा नंबरच्या पान्याची जागा

हे मी रचून सांगत नाही. रचलं असतं, तर स्वतःला तरी जरा बरं दाखवलं असतं.

उदगीर. आमचं स्वयंपाकघर. यंदाच्या मे महिन्यातला मंगळवार, भर दुपारचे दीड. लाइट गेलेली.

माझे मालक मल्लिनाथ फौजेत हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. तिकडं हत्यारांची एक फळी असते. प्रत्येक पान्या-पकडीचा पांढरा आकार तिच्यावर रंगवलेला. काम संपलं की हत्यारं जागेवर लावायची, मोजायची, मग सही. एक जागा रिकामी दिसली तर हेलिकॉप्टर उडत नाही.

रिटायर होऊन आले आणि माझ्या उलथण्या-सांडशीलाही तसलीच फळी ठोकली. जेवणं झाली की मोजणी! मी लई हसायची.

फळीच्या तळाशी मात्र एका पान्याचा आकार. कायम रिकामा.

"ह्यात काय लावू? लाटणं?"

"ऱ्हाऊ दे ते."

बारा वर्षांपूर्वी सुट्टीची गाडी गाठायच्या घाईत ह्यांनी न मोजताच सही ठोकली होती. ह्यांचा जोडीदार, कंधारचा भुजंग, त्यानं विचारलंही होतं, "मोजलेस ना?"

"हाव, मोजले."

भुजंग चाचणीच्या उड्डाणाला बसला... बर्फाच्या डोंगरात हेलिकॉप्टर पडलं. दहा नंबरचा पाना आतच राहिला होता.

चौकशीत ह्यांनी सांगितलं, मोजणी भुजंगकडं होती, मी त्याच्या शब्दावर सही केली.

मेलेला माणूस उलटून काय बोलणार?

गप्प बसा, असं मीच म्हणाले होते. लेकीचं लग्न ठरत होतं.

त्या मंगळवारी भुजंगच्या बायकोचा, सिंधूचा फोन आला.

"भाऊजी, मामंजी आता एक-दोन दिवसांचे हायत. बारा वर्षं गावात मान खाली घालून फिरले. भुजंगची चूक नव्हती, एवढं सांगा त्येंना. फोन कानाला लावते."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. नको.

"मला काय आठवंना, वहिनी."

फोन ठेवला. आणि...

टक.

वारा नव्हता. पंखा बंद.

टक... टक...

फळीवर उलथणं हललं. मग झारा. मग सांडशी. कुणीतरी एकेकाला बोट लावत खाली येत होतं...

तळाच्या जागेपाशी आवाज थांबला.

तिथं पाना होता.

मे महिन्यात त्याच्यावर बर्फ.

"भुजंग मोजतोय," एवढंच म्हणून हे खाली बसले.

मी पाना फडक्यानं धरून नेला आणि मागच्या विहिरीत टाकला. मोठी शूर! घरात आले तर पाना जागेवर, आणि हातातलं फडकं गार पडलेलं.

गुरुवारी भुजंगचे वडील गेले. ऐकायचं ते न ऐकताच.

त्याच दिवशी पाना नाहीसा झाला. सुटलो, असं वाटलं मला. हो, तेव्हाही मला तेवढंच वाटलं.

काल फळीवर नवा आकार दिसला. आमचा रंगाचा डबा कधीच वाळून दगड झालाय. तरी आकार ओला होता...

गोल.

ह्यांच्या नावाची हिरवी बांगडी हातातून उतरवून लावून बघितली.

बरोबर तिच्याच मापाचा.

आज सकाळी हे कंधारच्या एसटीत बसले. सिंधूपुढं, गावापुढं खरं काय ते सांगायला. मी अडवलं नाही.

आता दीड वाजलाय. पोचल्याचा फोन नाही...

मी फळीपुढं उभी आहे. बांगड्यांचे दोन्ही हात पाठीमागं लपवून.